वेढ्याच्या आत

ताईने धाकटीला निक्षून सांगितलं होतं, वादळाचं काही असेल तर मला फोन करायचा नाही. तुमच्या ऑफिसचं पत्रक येईल, त्यात जे लिहिलेलं असेल ते मी करीन. तुझं मत तुझ्यापाशी ठेव.

एक बहीण वादळांचे अंदाज बांधणाऱ्या कचेरीत बसते, दुसरी खाडीकाठचा वृद्धाश्रम सांभाळते, आणि दोघींनी वादळाबद्दल एकमेकींशी चकार शब्द काढायचा नाही, हे ऐकणाऱ्याला वेडेपणाचं वाटेल. पण ताई एकदा पोळलेली होती. दोन वर्षांपूर्वी असंच एक वादळ समुद्रात फुगत होतं. कचेरीने एका पत्रकात एकदम दोन पायऱ्या चढवून त्याला 'अतितीव्र' करून टाकलं. ताईने सगळी म्हातारी माणसं बसमध्ये घालून टेकडीवरच्या शाळेत नेली. इकडे वादळाने वाटेत कोरडी हवा गिळली आणि समुद्रातच मान टाकली. किनाऱ्यावर एक फांदी मोडली नाही. मोडलं ते मास्तरांच्या खुब्याचं हाड, बसमधून उतरताना. मास्तर आश्रमातले सगळ्यात जुने. डॉक्टरचीसुद्धा वाक्यं सुधारायचे. त्या दुखण्यातून ते उठलेच नाहीत.

ताईने धाकटीला दोष दिला नाही. फक्त वादळाबद्दलचे फोन बंद केले. कचेरीतल्या साहेबांनीही त्यानंतर एक नियम घालून घेतला, की एका पत्रकात एकच पायरी चढायची. साधं वादळ असेल तर आधी 'तीव्र', मग पुढच्या पत्रकात वाटलं तर 'अतितीव्र'. धाकटीने तेव्हा सगळ्यांच्या आधी मान डोलावली होती. नियम शहाणपणाचा होता. अडचण एवढीच, की नियम वादळाला कुणी कळवला नव्हता.

आणि आता खुद्द आईच त्या आश्रमात होती. गुडघे गेल्यापासून तळमजल्यावर, कोपऱ्यातल्या पलंगावर.

त्या दिवशी सकाळपासून धाकटी खुर्चीत ठरत नव्हती. उठायची, खिडकीपाशी जायची, बाहेर ऊन बघायची, परत येऊन पडद्यावर डोळे लावायची. समुद्रात एक वादळ होतं. वादळ कसलं, चिमुकलंच. उपग्रहाच्या चित्रात वरून बघावं तर पांढरा ढगांचा गोळा, ना डोळा, ना घाट, नुसतं पसरलेलं. पत्रकात त्याला 'साधं' म्हटलं होतं आणि तोंडावरून ते तसंच दिसतही होतं. पण पोटात काय चाललंय ते तोंडावरून कळत नाही, माणसाचं आणि वादळाचं.

"मॅडम, तुम्ही बसा हो जरा," पलीकडच्या टेबलावरचा रडारवाला म्हणाला. "तुमच्याकडे बघून मलाच गरगरतंय. वादळ फिरतंय ते पुरे."

"तुझ्या रडारवर काय दिसतंय?"

"माझ्या रडारवर त्याची झालर दिसतेय. नवरीचा पदर दिसला म्हणून तोंड दिसलं असं होतं का?"

रडारवाल्याची जीभ अशीच होती, पण काम चोख. वादळ त्याच्या टप्प्याच्या बाहेरच होतं. दुसरा एक उपग्रह असतो, पृथ्वीच्या जवळून फिरणारा, त्याला ढगांच्या खालचा पाऊस दिसतो. त्याची एक फेरी सकाळी झाली होती आणि त्या फेरीने वादळाला मधोमध चिरून अर्धंच टिपलं होतं. अर्ध्या चित्रात पावसाचं अर्धं वर्तुळ होतं. उरलेलं अर्धं पुरं झालंय की तुटलंय, हे कळायला मार्ग नव्हता. धाकटीने त्या अर्ध्या वर्तुळाकडे इतका वेळ बघितलं, की भिंतीकडे बघितलं तरी तेच दिसायला लागलं.

कचेरीत सगळ्यांना एक गोष्ट पाठ असते. वादळाच्या मध्याभोवती सगळ्यात जोराच्या वाऱ्याचा एक वेढा असतो. त्या वेढ्याजवळ कुठेतरी उंचच उंच ढग उसळतात. आता ते ढग वेढ्याच्या आत उसळले की बाहेर, यावर सगळं ठरतं. चुलीच्या आत जाळ केला तर भांडं तापतं, चुलीबाहेर केला तर अंगण तापतं. आतला ढग आपली ऊब मध्यात सोडतो, मग मध्य तापतो, वेढा आवळत जातो, आणि बघता बघता वादळ दोन-तीन पायऱ्या एका दमात चढतं. बाहेरचा ढग नुसता कडाडतो आणि विरतो.

सकाळी असाच एक प्रचंड ढग उसळला होता आणि अजून उसळत होता. साहेबांनी स्वतः पडद्यावर वाऱ्याचा वेढा आखून दिला होता. ढग वेढ्याच्या बाहेर होता. थोडासाच, पण बाहेर.

"बाहेर आहे," साहेब म्हणाले होते. "दुपारी एक पायरी. 'तीव्र'. संध्याकाळी बघू."

संध्याकाळी बघू, हे साहेबांना ठीक होतं. पण आश्रमाकडून टेकडीकडे जाणारा रस्ता खाडीला चिकटून होता आणि संध्याकाळच्या भरतीला, त्यात वारा असला तर, तो पाण्याखाली जायचा आणि वादळ सरेपर्यंत मोकळा व्हायचा नाही. दुपारच्या पत्रकात 'अतितीव्र' आलं तर ताई माणसं हलवणार. नाही आलं, तर खिडक्यांना फळ्या मारून तळमजल्यावरच बसणार. मधलं काही नव्हतं. धाकटीला हे माहीत होतं आणि ते माहीत असणंच तिला नको झालं होतं. आई तिथे नसती तर मी हा ढग इतक्यांदा बघितला असता का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि उत्तर आवडलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा. आई रोज या वेळेला ताईच्या फोनवरून बोलायची, आणि आईला कोण अडवणार?

"अगं, तुझ्या बहिणीला सांग जरा," आईने सुरुवातच तक्रारीने केली. "चहा उशिरा देते आणि वर मलाच खोटं पाडते."

"काय झालं?"

"समोर घड्याळ आहे की नाही भिंतीवर? त्यात तीन वाजून गेलेले दिसतात मला. म्हटलं, वेळ झाली, चहा कुठाय? तर ही येते, घड्याळाखाली उभी राहते आणि म्हणते, अजून व्हायचेत. माझा पलंग कोपऱ्यात सरकवल्यापासून हे रोजचं झालंय. आता माझे डोळे गेलेत की हिचं घड्याळ?"

मागून ताईचा आवाज आला, "आई, तू कोपऱ्यातून तिरकी बघतेस! काटा तबकडीला चिकटलेला नसतो, म्हणून तो बाजूनं पुढे गेलेला दिसतो. समोरून बघ, म्हणजे कळेल."

"बघ, अशी उलट उत्तरं देते," आई म्हणाली. "बरं, तुझं वादळ काय म्हणतंय? अंगानं भरलं का?"

 हातातला फोन तसाच धरून धाकटी पडद्याकडे वळली होती. "आई, मी नंतर करते," एवढंच ती म्हणाली.

पडद्यावरचं चित्र ज्या उपग्रहाने काढलं होतं तो वादळाच्या डोक्यावर नव्हता. तो लांब, बाजूला होता. तो वादळाकडे तिरका बघत होता. तिरकं बघितलं की उंच ढगाचा माथा आहे त्या जागेपेक्षा पलीकडे सरकलेला दिसतो. हे काही नवं नव्हतं, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. ते दुरुस्त करून दाखवणारी खिडकीही पडद्यावर असते. पण मोठ्या वादळात तेवढ्याशा फरकाने काही बिघडत नाही, म्हणून ती खिडकी उघडायची सवय सगळ्यांची मोडली होती. आणि हे वादळ मोठं नव्हतं. त्याचा वेढाच मुळी एवढासा होता. वेढा वाऱ्याच्या मोजणीवरून आलेला, म्हणजे खऱ्या जागेवर. ढग मात्र तिरक्या चित्रावरचा. दोन्ही एकमेकांवर ठेवून कचेरीतली सगळी शहाणी माणसं सकाळपासून आत की बाहेर हे ठरवत बसली होती.

तिने दुरुस्त केलेली खिडकी उघडली. ढग अलगद सरकला आणि वेढ्याच्या आत येऊन बसला.

 धाकटीला लगेच शंका आली, की मला हवा होता म्हणून तर मी तो आत आणला नाही? पण हवा तरी कशाला असेल? आत असला तर आईला बसमध्ये चढवायचं. मोडक्या गुडघ्यांची, पाखराएवढी उरलेली आई, आणि तीच बस, तीच पायरी. तिने आकडे पुन्हा घातले. मग रडारवाल्याला बोलावून, काहीही न सांगता, त्याच्याकडून घालून घेतले. ढग पुन्हा आतच आला.

रडारवाल्याने पहिल्यांदाच विनोद केला नाही. "साहेबांना सांगा," तो म्हणाला. "आत्ता."

साहेब पत्रकाचा मसुदा वाचत होते. मसुद्यात 'तीव्र' लिहिलेलं होतं. धाकटीने सगळं एका श्वासात सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे त्यांना पटलेलं नव्हतं.

"तुझी आई आहे ना तिथे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग तू या जागी असतीस तर अशा माणसाचं ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," धाकटी म्हणाली. "म्हणून माझं ऐकू नका. माझ्या खुर्चीवर येऊन बसा आणि तुम्हीच बघा."

साहेब आले, बसले. सकाळी आखलेला वेढा त्यांनी पाहिला. मग दुरुस्त चित्र पाहिलं. एकदा हे, एकदा ते. 

"हा वेढा मी आखलाय," शेवटी साहेब म्हणाले. "तिरक्या चित्रावर. इतकी वर्षं तुम्हाला शिकवतोय आणि मीच." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

"आम्हीही बघत होतोच की सकाळपासून."

"दोन पायऱ्या म्हणजे मागच्यासारखंच होतंय, कळतंय का तुला? पुन्हा अंदाज फुसका निघाला तर यापुढे आपलं पत्रक कुणी रद्दीतही घेणार नाही. पुढच्या खऱ्या वादळाला कुणी जागचं हलणार नाही. एका पायरीचा नियम मी भित्रेपणाने केला नव्हता."

"माहीत आहे. मला तो पटलाच होता." मग न राहवून तिने विचारलं, "मास्तर आठवतात का साहेब तुम्हाला?"

"रोज," साहेब म्हणाले. त्यांनी 'तीव्र'वर काट मारली, वर 'अतितीव्र' लिहिलं आणि सही केली. पेन मात्र बराच वेळ हातातच राहिलं.

पत्रक गेलं. आता धाकटीला करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि तेच सगळ्यात कठीण होतं. ताईचा फोन येणार नव्हता. तिने मनातल्या मनात बस आणली, दार उघडलं, एकेकाला चढवलं. आईला चढवताना दर वेळी तिचं मन मागे यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. रडारवाल्याने आणून दिलेला चहा तिने घेतला आणि प्यायला विसरली.

उन्हं कलली तेव्हा ढगाच्या गोळ्यात मधोमध एक काळा ठिपका पडला. आधी पुसट, मग स्वच्छ. वादळाने डोळा उघडला होता. वेढा आवळला होता, आतली हवा तापली होती, आणि ते सकाळचं चिमुकलं ध्यान दोन सोडून तीन पायऱ्या चढून बसलं होतं.

"मॅडम!" रडारवाला खुर्चीवरून उठलाच. "जिंकलात की!"

धाकटीला आनंद झाला. अगदी खरा, शाळेत पहिलं आल्यासारखा. आणि दुसऱ्या क्षणाला तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती तोंड धुवायला उठून गेली. किनाऱ्याकडे एवढी मोठी आपत्ती येतेय आणि आपण कशावर खूश झालो!

पण वादळाचं पोट ते वादळाचं पोट. दुसऱ्या दिवशी सकाळी किनारा हाकेच्या अंतरावर आला आणि वादळाने आपला रंग बदलला. पहिल्या वेढ्याच्या बाहेर एक दुसरा, मोठा वेढा तयार झाला. बाहेरच्याने आतल्याची सगळी रसद तोडली. सासूच्या हातातल्या किल्ल्या सुनेकडे जाव्यात तसं झालं आणि त्या भांडणात घरचा जोरच गेला. आतला वेढा मोडला, डोळा गढूळला, वारा भराभर उतरला. दुपारी वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा ते 'तीव्र' होतं. एकच पायरी. साहेबांच्या नियमाने निघालं असतं तेच बरोबर ठरलं असतं.

आणि मग ताईचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा, वादळाबद्दल.

"तुझ्या कचेरीत कुणी खिडकीतून बाहेर बघतं का गं?" ताईने विचारलं. "मी शाळेच्या गच्चीवरून बोलतेय. इथे कुणीतरी दोरीवर टॉवेल वाळत घातलाय, तो अजून दोरीवरच आहे. टॉवेल! आत माणसं फरशीवर खोकतायत. आई कालपासून विचारतेय, माझं घड्याळ कुठे गेलं. तिला बसमध्ये चढवताना मला मास्तर दिसत होते. तिला काही झालं असतं तर मी काय करणार होते?"

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझ्या नशिबाने."

धाकटीला पुष्कळ सांगता आलं असतं. वादळ तीन पायऱ्या चढलं होतं, तिचा ढग आत होता, दुसऱ्या वेढ्याचं भाकीत अजून कुणालाच धड जमत नाही. सगळं खरं होतं आणि काही उपयोगाचं नव्हतं. "चुकलं ताई," ती म्हणाली. पलीकडून फोन बंद झाला. साहेबांनी ऐकलं होतं. ते तिच्या टेबलावरचा कालपासून पडलेला चहा उचलून घेऊन गेले.

त्यानंतर संध्याकाळकडे आश्रमाच्या रखवालदाराने ताईला फोन केला. तो सामानाच्या राखणीला माडीवर थांबला होता. म्हणाला, वारा पडलाय बाई, पण खाडी वर येतेय.

मोठ्या वेढ्याचा वारा जोराचा नसतो, पण रुंद असतो. त्याने लांबलांबचं पाणी एकाच वेळी खाडीच्या तोंडात रेटलं होतं आणि वर भरतीची वेळ. पाणी आवाज न करता आलं. फाटकातून, मग व्हरांड्यातून, मग दारांच्या फटींतून. पत्रकात शेवटची एक ओळ होती, की सखल भागांत पाणी शिरण्याची शक्यता आहे. ती ओळ दर पत्रकात असते. कुणी वाचत नाही. लिहिणारेही वाचत नाहीत.

पाणी ओसरल्यावर धाकटी आश्रमात गेली. तळमजल्यावर पाऊल रुतेल एवढा चिखल होता. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ सरळ सगळ्या खोल्यांतून गेली होती, पलंगांच्या वरून, उशांच्या वरून, छातीएवढ्या उंचीवरून. कोपऱ्यातला पलंग दाराशी येऊन आडवा पडला होता. घड्याळ मात्र वर होतं, कोरडं, चालू.

आईला शाळेतून आणून, उचलून माडीवर ठेवलं होतं, तिथल्या घड्याळाच्या बरोबर समोर. खालून ऐकू येत होतं, ती कुणाला तरी सांगत होती, की इथलं घड्याळ बरोबर चालतं.

ताई हातात खराटा घेऊन त्या रेघेसमोर उभी होती. ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. धाकटीला बघून तिने एकदम तोंड फिरवलं आणि मग परत वळली. डोळे लाल झाले होते.

"ती तिथून उठूच शकली नसती," ताई म्हणाली. "एकटी मी. सतरा पलंग. फळ्या मारून आत बसलो असतो आम्ही, दारं लावून."

धाकटी दाराशी आडवा पडलेला पलंग सरकवायला वाकली.

"ऐक," ताई तिचा हात धरून म्हणाली. "मागचं सोड. पुढच्या वेळी मी पत्रकाची वाट बघणार नाही. तुला वाटलं, की सरळ मला फोन कर. तू म्हणशील तसं करीन."

दोन वर्षं धाकटीने याच शब्दांची वाट बघितली होती. ते आले आणि तिला रडू आलं.

"नाही करणार," ती म्हणाली.

"का गं?"

"मी वारा सांगितला होता, ताई. आलं पाणी. पाणी माझ्या ध्यानीमनी नव्हतं." तिने डोळे पुसले. "पुढच्या वेळी मी चुकेन. आणि तू माझं ऐकशील."

 वरून आईने दोघींच्या नावाने हाक मारली, चहाची वेळ होऊन गेली म्हणून.

"आले गं!" ताईने वर बघून आवाज दिला. मग खराटा धाकटीच्या हातात दिला. "तू इकडून सुरुवात कर. मी चहा ठेवून येते."